मोशी येथील आठ दिवस

यंदा माघ महिन्यात आम्हांस मोशी येथे आठ दिवस राहण्याचा योग आला. तीर्थयात्रा म्हणून कोणी मोशीस जात नाही. हवा पालटण्यासाठी तर नाहीच नाही. आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सारे घर अक्का म्हणते, त्या तेथे आपल्या चिरंजीवांकडे असतात. त्यांचे वय ८४. प्रकृती बेताची असल्याने त्या हल्ली घराबाहेर पडत नाहीत, आणि गेल्या दिवाळीपासून फोनवर बोलताना त्यांनी दोनदा आम्हांस विचारले, "आईचा आवाज भरलेली ती टेप अजून आहे का रे?"

टेप होती. आमच्या वाईच्या घरी, देवघरातील फडताळात, पंचांगांच्या चळतीमागे ती होती. परंतु ती ऐकण्याजोगी राहिली नव्हती, आणि हे अक्कांना सांगण्याचे धैर्य आम्हांस होत नव्हते. शेवटी आमचे भाचे फोनवर म्हणाले, "मामा, तुम्ही ती घेऊन या. बिघडलेली असली तरी घेऊन या. पाहू काय होते ते." म्हणून रुमालात गुंडाळलेली ती कॅसेट, अक्कांसाठी घरची हळद आणि शेंगदाण्याची चिक्की एवढे सामान पिशवीत घालून आम्ही निघालो.

पुण्यास गाडी बदलून नाशिक रस्त्यास लागलो. नाशिक फाटा, लांडेवाडी, भोसरी या नावांवरून पूर्वी गाड्या धावत तेव्हा मध्ये मोकळे माळ लागत. आता भोसरी कोठे संपते आणि मोशी कोठे सुरू होते हे कंडक्टरने सांगितल्याविना कळत नाही. विद्यार्थिदशेत आम्ही आळंदीस जात असू तेव्हा या बाजूची खेडी ज्वारीच्या शेतांत बुडालेली असत. सन १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची हद्द वाढली आणि भोवतालच्या इतर गावांबरोबर मोशीही शहरात आली. उत्तरेस थोड्याच अंतरावर चाकणचे कारखाने, दक्षिणेस भोसरीचे. दोन्हींकडे कामाला जाणाऱ्या माणसांना राहावयास जागा हवी, ती मोशीने दिली. म्हणून येथे दहा-दहा, पंधरा-पंधरा मजल्यांच्या इमारतींची रांग उभी आहे, आणि त्यांच्या पायथ्याशी अजून एखाद्या तुकड्यात मेथी-कोथिंबिरीचे वाफे दिसतात.

गावाचे मूळ मात्र पुसलेले नाही. नागेश्वर हे येथील ग्रामदैवत. महाशिवरात्रीच्या सुमारास त्याची मोठी यात्रा भरते. आम्ही होतो तेव्हा तिची तयारी चालू होती आणि संध्याकाळी देवळाच्या बाजूने कर्ण्याचा आवाज अकराव्या मजल्यापर्यंत येत असे. देहूहून आळंदीस जाणारा रस्ता येथेच नाशिकच्या महामार्गास छेदतो. एका बाजूस तुकोबांचे गाव, दुसऱ्या बाजूस माउलींची समाधी, आणि मध्ये चौकात मालमोटारींचा तांडा, असा हा देखावा. गावाच्या उत्तरेस इंद्रायणी. देहूहून निघून चिखली, मोशी, डुडुळगाव अशी गावे घेत ती आळंदीस जाते. पुलावर उभे राहून पाहिले तर पाणी काळपट. आळंदीच्या घाटावर अलीकडच्या काही वर्षांत पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगताना दिसले, ते आपण वर्तमानपत्रांतून पाहिलेच आहे. महानगरपालिकेचा कचऱ्याचा डोंगरही याच गावाच्या वाट्यास आला असून वारा तिकडचा असला म्हणजे खिडक्या लावून घ्याव्या लागतात. भाचेसून म्हणाल्या, "मामा, येथे राहायला आलो तेव्हा सहा महिने नाक मुरडले, आता वारा फिरला की हात आपोआप खिडकीकडे जातो." असो. जेथे पोट भरते त्या गावाची निंदा करू नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रस्त्याकडेला भाजी घेत उभे होतो. चाकणकडून एक मालमोटार कर्णा वाजवीत आली आणि आमच्यापुढून निघून गेली. येताना जो सूर चढा होता तो पुढे जाताच एकदम उतरला. आयुष्यभर आगगाडीच्या शिटीचा हा प्रकार आम्ही ऐकलेला. परंतु त्या दिवशी बरोबर भाचे होते. ते चाकणच्या एका कारखान्यात अभियंता असून त्यांस पेटी आणि बासरी यांचा नाद आहे. ते म्हणाले, "कर्णा एकच सूर वाजवितो आहे. गाडी आपल्याकडे येत असते तेव्हा ध्वनीच्या लाटा दाटीने येतात म्हणून तो चढा वाटतो, जाऊ लागली की विरळ येतात म्हणून उतरतो. ताशी ६० किलोमीटरने गाडी गेली तर पेटीवरचे दीड घर उतरण्यासारखे अंतर पडते. तुमच्या टेपचेही मला काहीसे असेच वाटते. आजीचा आवाज बिघडलेला नाही. तो फक्त वेगाने आपल्यापुढून जातो आहे."

येथे वाचकांस टेपचा इतिहास सांगितला पाहिजे. सन १९८५ च्या दिवाळीत आमच्या धाकट्या बंधूंनी मुंबईहून टेपरेकॉर्डर आणला होता. भाऊबीजेच्या संध्याकाळी सारे घर माजघरात जमले. प्रथम धाकट्या काकांनी पेटीवर दोन भजने म्हटली. मग बंधूंनी आईस गळ घातली की जात्यावरच्या ओव्या म्हण. जाते तेव्हा वापरातून गेलेच होते. गिरणी कोपऱ्यावर आली होती. आई म्हणाली, "हातात खुंटा असल्याशिवाय मला ओवी आठवत नाही." तेव्हा कोपऱ्यातले जाते पुसून मधोमध मांडले, पायलीतली थोडी हरभऱ्याची डाळ आणली आणि ती दळू लागली. पाऊण तास तरी ती म्हणत असेल; टेपवर तीस मिनिटे बसली. सन १९९१ मध्ये आई गेली. त्यानंतर दर वर्षी तिच्या तिथीस आम्ही ती टेप लावीत असू.

पुढे तो टेपरेकॉर्डर बंद पडला. दुसऱ्या यंत्रावर टेप लावली तेव्हा आईचा आवाज चढा, पातळ आणि उतावळा झाला. आम्हांस वाटले की फीत खराब झाली. नातवंडे हसू लागली; एकजण म्हणाला, "पणजी कार्टूनमधल्यासारखी बोलते." मुलांचा दोष नाही. ज्यांनी तिला पाहिले नाही त्यांच्यापुरती ती तशीच. पण त्या दिवसापासून आम्ही टेप लावणे बंद केले आणि मनास लागले ते असे की आईचा आवाज आम्ही जपला म्हणता म्हणता गमावला.

भाच्यांनी कॅसेट आपल्या जुन्या यंत्रातून संगणकावर उतरवून घेतली आणि मग जे सांगितले ते ऐकून आम्ही थक्क झालो. कॅसेटची फीत दर सेकंदास ४.७६ सेंटीमीटर या वेगाने सरकावी असा जगभर संकेत आहे. बंधूंच्या यंत्रातील रबरी पट्टा बहुधा पहिल्यापासूनच सैल असावा. त्यामुळे भरताना फीत हळू सरकली. परंतु वाजविताना तोच पट्टा, तोच हळू वेग! चुकीला चुकीने छेद गेला आणि आवाज बरोबर आला. निर्दोष यंत्रावर फीत घातली तेव्हाच काय ती चूक उघडी पडली. आम्ही इतकी वर्षे फितीस दोष देत होतो आणि दोष त्या मेलेल्या यंत्राकडे होता.

ही गोष्ट काही नवी नव्हे. आमच्या आजोबांकडे चावीचा ग्रामोफोन होता. चावी संपत आली की गवई खोल विहिरीत उतरल्यासारखा होई आणि कोणीतरी धावत जाऊन चावी देई, की पुन्हा वर येई. परंतु चावी भरलेली असतानाही सूर बरोबर येईलच असे नसे. आरंभीच्या काळात ध्वनिमुद्रिका भरणाऱ्या कंपन्यांत वेगाबद्दल एकवाक्यता नव्हती. मिनिटास कोणी ७२ फेरे धरी, कोणी ७६, कोणी ८०. पुढे १९२५ च्या सुमारास ७८ हा आकडा रूढ झाला. ८० फेऱ्यांनी भरलेली तबकडी ७८ ने वाजविली तर गाणे पेटीवरील जवळजवळ अर्धे घर खाली जाते. मिरजेस राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांच्यात खाँसाहेबांच्या पट्टीवरून वाद होताना आम्ही स्वतः ऐकले आहेत. त्याच खाँसाहेबांच्या साहाय्याने सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी तारेची लांबी मोजून श्रुतींचे हिशेब बसविले आणि १९१० मध्ये ग्रंथ लिहिला. श्रुती म्हणजे घराचाही एक अंश. आणि ग्रामोफोन खुशाल अर्ध्या घराचा घोटाळा करून मोकळा होत असे!

वेग तपासण्यासाठी तबकडीवर ठेवावयाची एक कागदी चकती मिळत असे. तिच्या कडेने ७७ काळ्या रेघा असत. विजेच्या दिव्याखाली चकती फिरू लागली आणि रेघा स्थिर दिसल्या की समजावे, वेग बरोबर ७८ च्या आसपास आहे. कारण आपल्याकडील वीज सेकंदास ५० वेळा हेलकावे खाते व दिवा १०० वेळा लुकलुकतो. ही वीज पुढे आपल्या गोष्टीत साक्षीदार म्हणून येणार आहे, म्हणून तिची ओळख येथेच करून दिली.

चौथ्या दिवशी नातीने, म्हणजे भाच्यांच्या कन्येने, आम्हां वृद्धांवर उपकार करण्याचे मनावर घेतले. ती महाविद्यालयात शिकते. तिच्या पिढीस गाण्याचा वेग हा पाण्याच्या नळासारखा वाटतो. हवा तेवढा फिरवावा. जुनी चित्रपटगीते संथ करून त्यांत घुमारा घालावयाचा आणि रात्री ऐकत बसावयाचे अशी एक चाल तिच्या मैत्रिणींत आहे. अध्यापकांची व्याख्याने ती दीडपट वेगाने ऐकते. आम्ही तिला म्हटले की पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत घाईने म्हणणारा एक आहे. तुझ्या अध्यापकांना तू घरबसल्या अधम करून टाकतेस. ती हसली आणि म्हणाली, "पण आजोबा, त्यांचा आवाज बारीक होत नाही, नुसते भरभर बोलतात. मी पणजीचा आवाज उतरवून देते, थांबा."

तिने ऑडॅसिटी नावाच्या प्रणालीत टेप उघडली. ही प्रणाली १९९९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी रचण्यास आरंभ केला आणि पुढल्या वर्षी ती सर्वांस फुकट दिली. तिच्यात सूर बदलण्याची एक सोय आहे. नातीने पट्टी एका घराने उतरविली, आणि अक्कांच्या खोलीत जाऊन ऐकविली.

अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आवाज आईसारखा आहे. पण आई नाही ही. आई अशी गाडी पकडायला निघाल्यासारखी कधी म्हणत नसे."

नात हिरमुसली. तिच्या बापाने मात्र टाळी वाजविली. "आजी बरोबर बोलते आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी जे समजावून दिले ते आमच्या बुद्धीस झेपेल तेवढे येथे देतो. सूर आणि लय या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे आपल्या शास्त्रकारांनी केव्हाच सांगून ठेविले. देवगिरीस तेराव्या शतकात संगीतरत्नाकर लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने मंद्र, मध्य, तार ही स्थाने एकीकडे आणि द्रुत, मध्य, विलंबित या लयी दुसरीकडे मांडल्या. गवई मंद्रात द्रुत गाऊ शकतो आणि तारसप्तकात विलंबित. परंतु फितीस आणि तबकडीस हा विवेक नाही. त्यांच्यावर ध्वनीच्या लाटा लांबीने पसरलेल्या असतात. वेग वाढला की लाटा दाटतात, म्हणजे सूर चढतो, आणि गाणेही लवकर संपते. दोन्ही एकाच दोरीने बांधलेले. संगणकाने ही दोरी सोडविली. तो ध्वनीचे सेकंदाच्या काही शतांश भागांएवढे बारीक तुकडे करतो, ते एकमेकांवर किंचित चढवून जवळ किंवा दूर मांडतो. तुकड्यातील लाट तशीच राहते म्हणून सूर तोच, पण तुकडे पांगले म्हणून लय संथ. याच युक्तीने नातीचे अध्यापक दीडपट धावतात आणि तरी त्यांचा आवाज पोरकट होत नाही. तीच युक्ती उलटी फिरविली की लय तशीच ठेवून सूर उतरविता येतो. नातीने हेच केले होते.

"पण आपल्या टेपमध्ये दोन्ही चुका एकाच कारणाने झाल्या आहेत," भाचे म्हणाले. "पट्टा सैल होता, म्हणून सूरही चढला आणि लयही. त्यांतली एकच सुधारली तर अर्धा खोटेपणा राहतो. येथे दोरी सोडवायची नाही. दोरीसकट मागे ओढायची." ऑडॅसिटीत सूर, लय आणि वेग यांच्या तीन निराळ्या खिडक्या आहेत. नातीने पहिली उघडली होती. हवी होती तिसरी.

आम्हांस येथे महाभाष्याची आठवण झाली. वेदपाठाच्या तीन वृत्ती: अभ्यासास द्रुत, प्रयोगास मध्यम, शिष्यांस शिकविताना विलंबित. पतंजली म्हणतो, वृत्ती बदलली तरी वर्ण बदलत नाही. तो नगाऱ्याचा दृष्टांत देतो: नगारा वाजवून कोणी त्याच्या नादाबरोबर वीस पावले जातो, कोणी तीस, कोणी चाळीस, नाद लांबतो, पण आघात तोच. शाळेत हे शिकविताना आम्ही ते मुलांच्या गळी उतरविले खरे. परंतु पुत्राच्या कानास आईची ओवी द्रुत वृत्तीत चालत नाही, याचा विचार भाष्यकारांनी केलेला दिसत नाही.

आता प्रश्न असा, की मागे ओढायची ती किती? अंदाजाने ओढली तर ती आमच्या आठवणीतली आई होईल, खरी नव्हे; आणि चाळीस वर्षांनंतर आठवणीवर किती विसंबावे? भाच्यांनी कान टवकारून ऐकावयास सांगितले. आईच्या आवाजाखाली, जात्याच्या घरघरीखाली, एक बारीक गुणगुण सतत चालू होती. नातीने ती काढून टाकण्यासाठी बटणावर बोट नेले होते. बापाने हात धरला. "ती काढू नकोस. तीच आपली साक्षीदार आहे." टेपरेकॉर्डर भिंतीतल्या विजेवर चालविला होता, आणि विजेची ती गुणगुण फितीवर उतरली होती. ती सेकंदास ५० आंदोलनांची असावयास हवी. संगणकाने ध्वनीची फोड करून आलेख काढला, त्यात ती ५३ वर उभी दिसली. म्हणजे सारी टेप ५० च्या ऐवजी ५३ अशा प्रमाणात धावत होती. वाजविणाऱ्या यंत्राची काही चूक असली तर तीही याच हिशेबात आली. पेटीच्या भाषेत बरोबर एक घर. वेग शेकडा ५.६६ ने कमी केला, आणि टेप अक्कांस ऐकविली.

अक्का म्हणाल्या, "आता आई आहे." मग जरा थांबून, "पण तिला काहीतरी आठवले आहे, आवरून उठायचे आहे तिला."

आम्हांस हे म्हातारपणाचे बोलणे वाटले. रात्री भाचे मात्र झोपले नाहीत. सकाळी चहाच्या वेळी ते म्हणाले, "मामा, मला एक शंका आली. १९८५ साली तुमच्या वाईच्या घरातली वीज खरोखरच ५० होती का?"

कारखान्यात काम करणाऱ्यास हे सुचले. विजेची मागणी वाढली आणि पुरवठा तेवढा नसला की वीजकेंद्रांतील जनित्रे किंचित मंदावतात व हेलकाव्यांची संख्या घसरते. त्या काळी आपल्याकडे संध्याकाळच्या भरगच्च वेळी ती ४९ च्या आसपास, कधी त्याहीखाली जात असे. सन २००२ च्या जुलैपासून पश्चिम भारतात विजेच्या देवघेवीचे दर या संख्येशी जोडले गेले, जो ती घसरू देईल त्यास भुर्दंड पडू लागला, तेव्हा शिस्त आली. आता ती ४९.९० ते ५०.०५ यांच्या दरम्यान राहावी असा नियम आहे. परंतु आमची टेप दिवाळीच्या संध्याकाळी भरलेली. घरोघर दिवे, माळा, रोषणाई. जिला आम्ही सत्यवादी साक्षीदार मानले ती वीजच त्या संध्याकाळी बेसूर असली तर?

तेव्हा दुसरा साक्षीदार शोधणे आले, आणि तो आमच्याच घरी होता. टेपच्या आरंभी काकांची भजने आहेत. काका नेहमी काळी एकमध्ये म्हणत. त्यांचा गळाच तेवढा होता, आणि आम्ही कोणी पट्टी बदलली तर ते रागावत. त्यांची ती पेटी आजही वाईस माडीवर आहे. आम्ही घरी फोन केला. सूनबाईंनी पेटी खाली आणविली, धूळ झटकली, काळी एक दाबून धरली आणि तो सूर भरून व्हॉट्सॲपवर पाठविला. भाच्यांनी तो टेपमधील पेटीशेजारी मांडला. विजेच्या साक्षीने सुधारलेल्या टेपमधली काळी एक घरच्या काळी एकपेक्षा एक तृतीयांश घराने चढी निघाली! हिशेब उलटा केला तेव्हा त्या संध्याकाळची वीज ४९ वर आली. पेटीचे सूर धूळ-गंजाने वर्षानुवर्षांत किंचित हलतात हे खरे. परंतु ते एवढे हलत नाहीत, आणि काकांच्या पेटीतील इतर पट्ट्याही परस्परांशी जुळून होत्या. वेग शेकडा ५.६६ ने नव्हे, तर ७.५५ ने कमी करावयास हवा होता. अक्कांच्या कानाने जे सांगितले ते पेटीने मान्य केले, आणि आम्ही मनातल्या मनात अक्कांची क्षमा मागितली.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमविल्या, त्यांची संख्या एक लाखावर गेली. पैकी पुष्कळ प्रत्यक्ष बायांच्या गळ्यातून भरून ठेवल्या आहेत आणि २०१७ पासून त्या 'परी' या संस्थेच्या संग्रहातून कोणालाही ऐकता येतात. ते काम मोठे आणि पद्धतशीर. घरगुती कपाटांतून ज्या कॅसेटी पडल्या आहेत त्यांना असा कोणी वाली नाही. मंगळागौरी, मुंजी, आजोबांची कीर्तने, कोणाच्या वडिलांचे रुद्रपठण: कितीतरी घरी असेल, आणि "आवाज बिघडला" म्हणून अडगळीत गेले असेल. ज्या वाचकांकडे असे काही असेल त्यांस आमची एवढीच विनंती की फीत टाकू नये, आणि जिच्याबरोबर ती भरली ती पेटी विकू नये.

सातव्या दिवशी दुपारी नवी प्रत तयार झाली. भाच्यांनी मूळ प्रत जशीच्या तशी, गुणगुणीसकट, निराळी ठेवली. आमच्यानंतर कोणास अधिक चांगला हिशेब सुचला तर त्यास आरंभापासून करता यावा म्हणून. वेग उतरताच तीस मिनिटांची बाजू जवळजवळ साडेबत्तीस मिनिटांची झाली.

अक्कांस उशाशी तक्क्या देऊन बसविले. दारे लावून घेतली. खाली महामार्गाची घरघर होतीच, ती कोठे जाणार? काकांची भजने झाली. जाते सुरू झाले. पूर्वी ज्याची नुसती किरकिर ऐकू येई ते जाते आता जड दगडासारखे फिरत होते. आईचा आवाज आला. आम्ही सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ, परंतु त्या आवाजापुढे पाटावर नीट बसलो.

बऱ्याच वेळाने एके ठिकाणी आई ओवीच्या मध्यावर थांबते. जात्याची घरघर हलकी होते, काहीतरी किणकिणते, आणि ती पुढे चालू करते. भरधाव टेपमध्ये ती किणकिण पैसे सांडल्यासारखी वाटे. आम्ही तिला फितीचा दोष समजत होतो. अक्कांनी डोळे उघडले. "येथे डाळ संपली होती," त्या म्हणाल्या. "मी शेजारी बसून वैरण घालत होते. त्या माझ्या बांगड्या."

नातीने पुन्हा तेवढाच भाग लावला. मग पुन्हा एकदा. अक्का आपल्या मनगटाकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. नागेश्वराच्या यात्रेस थांबा असा सर्वांचा आग्रह होता, पण घरी कामे होती. नमस्कार करावयास खोलीत गेलो तेव्हा अक्का म्हणाल्या, "घरी गेलास की ती पेटी आता खालीच ठेव. माडीवर उन्हाळ्यात तापते. आणि भाता उघडून पाहा, झुरळे झाली असतील."